चूलबंद आवतण

मंजुळानं कॉम्प्युटरवर चादर टाकली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि सरस्वतीच्या डोळ्यांसमोरून ती चादर हलत नव्हती. यंत्राला प्लास्टिकचं कव्हर होतं. ते बाजूला घडी करून ठेवून पोरीनं कपाटातली जुनी, विटकी चादर काढली, पडदा, खोका, कळफलक सगळं एकदम झाकलं आणि कडा खाली खोचून टाकल्या. धूळ बसू नये म्हणून कुणी एवढं खोचत नाही.

तेव्हापासून मंजुळा रोज सकाळी डोंबिवलीला क्लासवर शिकवायला जायची, संध्याकाळी परस्पर दिवा स्टेशनला उतरून ठमाबाईकडे जायची आणि आठ-साडेआठला कळव्याला घरी यायची. जेवायची, ताट घासायची. विचारलं तर उत्तर द्यायची. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि सरस्वतीला भीती वाटत होती ती त्याचीच. पंचवीस वर्षांची पोर आईशी एकदाही वाद घालत नाही, हे काही बरं लक्षण नव्हे.

"अगं, थकली असेल," तिचा नवरा गोपीनाथ म्हणाला. "ते दोन हजार सालाचं खूळ चाललंय ना, एक तारखेला सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून. क्लासवाले पिडत असतील."

"तिचा कॉम्प्युटर आधीच बंद पडलाय," सरस्वती म्हणाली.

गोपीनाथनं कोपऱ्यातल्या चादरीकडे पाहिलं. ते यंत्र त्यानंच आणलेलं होतं. दीड वर्षापूर्वी कंपनीत नवी यंत्रं आली, जुनी भंगारात निघाली, आणि त्यानं साहेबाला विचारून त्यातलं एक टॅक्सीत घालून घरी आणलं. "भंगार आणलेलं मी, आणि आता देव्हाऱ्यापेक्षा जास्त जागा त्यालाच," असं तो पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा.

यंत्र इतकं जुनं होतं की विंडोज त्याला झेपेना. मंजुळानं एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी आणली आणि त्यातलं अगदी हलकं, चित्रं-बित्रं नसलेलं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटवणारं तेवढंच त्यात बसवलं. म्हातारं यंत्र तुरुतुरु चालायला लागलं. पोरीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं होतं, ते सरस्वतीनं तिच्या पदवीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

मंजुळाला ते यंत्र हवं होतं ठमाबाईसाठी.

ठमाबाई म्हणजे सरस्वतीच्या माहेरची, दिव्याच्या बाजूच्या गावांतली धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात पूर्वी भटजी नसायचा. धवलारीण धवले गायची आणि लग्न लागायचं. हळद, तेलवण, मांडव, प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो तिनं गायल्याशिवाय विधी पुढे सरकायचा नाही. ठमाबाईनं त्या पट्ट्यातली निदान चारशे लग्नं लावली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, शिष्या नव्हती, आणि पोटची लेक लहानपणीच गेली होती. आताच्या लग्नांत तिला बोलावत ते हळदीच्या दिवशी, बेंजोवाले चहा प्यायला थांबले की तेवढ्यापुरतं.

अशाच एका हळदीत मंजुळानं तिला ऐकलं आणि तिच्या मागेच लागली. टेपरेकॉर्डरला ठमाबाईनं साफ नकार दिला. "मी आंघोल करून, उपाशी बसून गाते. त्या डब्यान माजा आवाज भरलास, तं तो कुनाचे पन घरान कवाही वाजंल. नाय." लिहून घ्यायला मात्र तिची ना नव्हती. अडचण अशी की तिला शब्द नुसते सांगता येत नसत. गायलं तरच आठवायचे, आणि मध्ये थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून. हातानं लिहून कुणाला ते गाठणं शक्य नव्हतं. पण मंजुळा मराठी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा पास होती. दहा बोटांनी ती ठमाबाईच्या मागे मागे धावू शकत होती, यंत्रात मराठी असतं तर.

ते नव्हतं. त्या हलक्या लिनक्समध्ये सगळं इंग्रजी. मंजुळानं सरस्वतीला एकदा समजावलं होतं: त्या यंत्रात एक साधी यादी असते, नुसत्या पत्त्यांची. नवं काही हवं असलं की यंत्र फोनवरून त्या पत्त्यांवर जातं आणि तिथल्या भांडारातून वस्तू घेऊन येतं. मूळ यादीत असतात ती घरची भांडारं, म्हणजे ज्यांनी ती प्रणाली बनवली त्यांची. तिथं जे मिळतं ते एकमेकांशी जुळेल असं पारखून ठेवलेलं असतं. पण कुणी तिसराच माणूसही आपलं भांडार मांडू शकतो. त्याचा पत्ता आपण यादीत घातला, की यंत्र त्याच्याकडेही जायला लागतं.

असा एक तिसरा माणूस मंजुळाला सापडला. चांगदेव नावाचा, खडवलीला राहणारा, कल्याणच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारा. त्यानं जुन्या यंत्रांसाठी मराठी अक्षरं बनवली होती आणि कळफलक ठेवला होता थेट मराठी टाइपरायटरसारखा. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर त्याचं भांडार होतं. मंजुळानं त्याला ईमेल केली. त्यानं उत्तर पाठवलं पोस्टानं, आपल्याच अक्षरांत छापून, बहुधा ती दिसतात कशी हे दाखवायला.

ज्या दिवशी तिनं तो पत्ता यादीत घातला, त्या दिवशी ठमाबाई कळव्याला आलेली होती. जानेवारी महिना होता. पाटावर बसून ती मंजुळाची बोटं पाहत होती.

"कं लिवतंस गो?"

"पत्ता लिहितेय, आजी. खडवलीच्या एका माणसाचा. त्याच्याकडून मराठी अक्षरं मागवायचीत."

"आपला हाय का परका?"

"परकाच."

"मंग आवतण कसा दिलास? एकल्याला का चूलबंद?"

मंजुळाला हसू आवरेना. चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला आमंत्रण, त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळे आपल्या मांडवात जेवायला. "चूलबंद, आजी! सगळ्या खानदानासकट येऊ दे त्याला."

ठमाबाई हसली नाही. आयुष्यभर तिचं कामच ते होतं. धवल्याच्या सुरुवातीला देवांना बोलवायचं ते नाव घेऊन, गाव सांगून, आधी घरचे आणि मग बाहेरचे, कुणाला किती मान हे ठरवून. "नीट इचार कर गो बाय," ती म्हणाली. "चूलबंद दिला का मंग दारान उभा ऱ्हावून मोजता येत नाय."

"मोजायचंय कशाला? येऊ देत!"

स्वयंपाकघरातून सरस्वती हे ऐकत होती, आणि तीही हसली होती.

तासाभरानं काळ्या पडद्यावर मराठी उमटलं. मंजुळानं पहिला शब्द लिहिला तो 'ठमाबाई'. म्हातारीनं विचारलं, "ही मी?" आणि पडद्याला बोट लावून पाहिलं.

मग नऊ महिने ती दर गुरुवारी आली. सरस्वतीला ते फारसं पसंत नव्हतं, आणि तिनं ते लपवलंही नव्हतं. शिकलेल्या पोरीनं शिकलेल्यांचं काम करावं, असं तिला वाटायचं. तिचा बाप मिठागरावर फावडं ओढायचा आणि त्यानं तिला ठाण्याला कॉलेजात घातलं होतं. गावातली ती पहिली बी.ए. बाहत्तर साली तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं हट्ट धरला, भटजी हवा. आईनं भटजीही बोलावला आणि ठमाबाईलाही. मांडवात ठमाबाईनं धवला धरला. सरस्वतीच्या कॉलेजच्या मैत्रिणी पुढच्या रांगेत होत्या. एकीनं दुसरीच्या कानात काही सांगितलं आणि दोघी तोंडाला रुमाल लावून हसल्या. सरस्वतीनं आईकडे पाहिलं आणि नुसते डोळे मिटून मान हलवली. एवढंच. आईनं जाऊन ठमाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. ठमाबाई थांबली, ओळीच्या मध्येच. ती त्या दिवशी मांडवात जेवली नाही. पुढं सत्तावीस वर्षांत तिनं हा विषय कधी काढला नाही, आणि सरस्वतीनंही नाही.

सप्टेंबरच्या एका गुरुवारी ठमाबाई म्हणाली, "आयशीला बोलाव." सरस्वती हात पुसत बाहेर आली.

"तुजे लग्नान अर्धा ऱ्हायला ना, तो आज पुरा गाते. बस."

सरस्वती खाली बसली. ठमाबाईनं डोळे मिटले आणि धवला पहिल्यापासून धरला. मांडवात जिथं तुटला होता ती ओळ सरस्वतीनं ओळखली. म्हातारी तिथं क्षणभरही अडखळली नाही, पुढं गेली. पुढच्या ओळींत नवरीच्या आईला समजावलेलं होतं, की लेक परक्या दारी जाते आहे तरी तिची वाट तुझ्या उंबऱ्यावरूनच जाते. सरस्वतीची आई तेव्हा जाऊन सहा वर्षं झाली होती. मंजुळा न थांबता टाइप करत होती, आणि कळांचा आवाज गाण्याच्या खाली बारीक पावसासारखा चालला होता. सरस्वतीनं पदर डोळ्यांना लावला, तो गाणं संपल्यावरही काढला नाही.

नोव्हेंबरमध्ये ठमाबाईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

तोपर्यंत एक्केचाळीस धवले झाले होते. मंजुळाला ते लगेच छापून हवे होते, म्हातारीच्या हातात वही द्यायला. छपाईसाठी आणखी एक प्रोग्राम लागत होता, तोही चांगदेवच्याच भांडारात. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिनं फोन जोडला, आणि आता घेतोच आहोत तर सगळंच नवं करून घेऊ म्हणून यंत्राला सांगितलं, जिथं जे नवं असेल ते आण. यंत्रानं विचारलं, एवढं एवढं बदलणार आहे, बदलू? तिनं हो म्हटलं. घरच्या भांडारात जे जुनं पण पारखलेलं होतं, त्याच्याऐवजी यंत्रानं परक्याकडचं नवं उचललं, अगदी ज्याच्यावर सगळं उभं होतं तो पायासुद्धा. यंत्र बंद करून पुन्हा लावलं, ते अर्ध्यातच थांबलं. एक ओळ पडद्यावर आली आणि तिथंच राहिली.

फ्लॉपीवर प्रती होत्या. कळव्याच्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी धरली होती.

क्लासमधले मारुती सर आले. त्यांनी डिस्क काढून क्लासवरच्या यंत्राला लावून पाहिली. एक्केचाळीस फायली दिसल्या, पण उघडल्या की नुसता चिन्हांचा कचरा. "डेटा गेला मॅडम," ते म्हणाले. "फॉरमॅट करून टाकू. यंत्र क्लासला द्या, पोरं टायपिंग तरी शिकतील." नाताळानंतरच्या रविवारी न्यायला येतो म्हणाले, अकरा वाजता. मंजुळानं मान डोलावली. मग तिनं कपाटातली चादर काढून यंत्रावर टाकली.

तो रविवार आता उद्यावर आला होता.

शनिवारी संध्याकाळी सरस्वती स्वतःच दिव्याला गेली. पोर तिथं जाऊन करते काय, हे तिला पाहायचं होतं. ठमाबाईची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, सून खालून पाण्याचे हंडे आणत होती. दार उघडंच होतं. मंजुळा खाटेजवळ बसून पेज भरवत होती. सरस्वती दारातच थांबली.

पेज संपली. ठमाबाईनं डावा हात वर घेतला आणि बोटं चादरीवर नाचवली, टाइप केल्यासारखी. मग भुवया उंचावून मंजुळाकडे पाहिलं.

"हो आजी," मंजुळा म्हणाली. "होतंय. थोडंच राहिलंय."

म्हातारीनं डोळे मिटले. तोंडाची एक बाजू हसली.

जिन्यात सरस्वतीनं लेकीचा दंड धरला. "रोज विचारते?"

"रोज."

"आणि तू रोज हेच सांगतेस?"

"मग काय सांगू, आई? की आजी, तू गायलेलं मी मारलं म्हणून?"

"तो खडवलीवाला... त्याला विचार ना काही तरी."

"कुठल्या तोंडानं?" मंजुळाचा आवाज पहिल्यांदा चढला. खालून येणारी सून हंडा घेऊन भिंतीला सरकून उभी राहिली. "मी त्याला काय लिहिलं माहितेय? की तुमच्या भांडारामुळे एका बाईची एक्केचाळीस गाणी मेली, असलं अर्धवट काम लोकांच्या गळ्यात मारायला लाज वाटत नाही का. दोन ओळींत उत्तर आलं त्याचं. माफ करा, आणखी कुणाचं नुकसान नको म्हणून मी भांडार बंद करतोय. दुसऱ्या दिवशी पत्ता बंद. त्याची अक्षरं वापरणारे आणखी कितीतरी लोक होते, आई. शाळा होत्या."

"पण चूक त्याचीच होती ना?"

मंजुळा दोन पायऱ्या खाली उतरली. सुनेच्या हातातला हंडा घेतला आणि वर चढायला लागली.

घरी येऊन सरस्वतीनं त्या माणसाचा पत्ता कुठं मिळतो का ते शोधलं. कॉम्प्युटरखालच्या खणात चांगदेवचं ते पोस्टानं आलेलं पत्र होतं. घड्यांवर मऊ पडलेलं. अक्षरं ठसठशीत, जुन्या शाळेच्या पुस्तकातल्यासारखी. चौथ्या परिच्छेदाखाली लाल शाईनं रेघ मारलेली होती, आणि ती जुनी नव्हती.

'कृपया फक्त अक्षरांचा आणि कळफलकाचा, असे दोनच गठ्ठे घ्यावेत. बाकीचे माझ्या यंत्रापुरते आहेत. माझ्या भांडारातून सगळं एकदम घेऊ नये, मूळ प्रणाली बिघडेल.'

सरस्वतीनं ते दोनदा वाचलं. म्हणजे त्यानं सांगितलं होतं. एकट्यालाच बोलवा म्हणून पाहुण्यानंच सांगितलं होतं, आणि पोरीनं हसत हसत चूलबंद दिलं होतं. ही रेघ मारताना मंजुळाला काय झालं असेल, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

खाली आणखी एक वाक्य होतं, त्याखाली रेघ नव्हती. 'यंत्र बिघडलं तरी तुमचा मजकूर जात नाही. तो माझ्या अक्षरांच्या सांकेतिक रूपात असतो, म्हणून दुसरीकडे निरर्थक चिन्हं दिसतील, घाबरू नये.' आणि अगदी शेवटी: 'अडचण आल्यास फोन करावा. शेजारी बाबुराव किराणावाले यांच्याकडे पी.पी. नंबर आहे, ते हाक मारतात.'

मारुती सरांना दिसला तो कचरा नव्हता. ते धवले होते, जसेच्या तसे. मंजुळाला हे कळलं नसेल असं नाही. कळलं असणार, आणि म्हणूनच चादर इतकी खोचलेली होती. भांडार बंद झाल्यावर ती अक्षरं आता फक्त त्याच्याकडे होती. गाणी परत मिळायची तर त्या माणसाच्या दारात जायला हवं होतं, आणि तिथं जाण्यापेक्षा गाणी गेलीच असं धरून चालणं तिला सोपं वाटलं होतं.

सरस्वतीला तिचा राग आला नाही. सत्तावीस वर्षं तिनं स्वतः हेच केलं होतं. एक शब्द बोलून मोकळं होता आलं असतं, तो बोलली नाही. शेवटी ती म्हातारीच येऊन पुरं करून गेली, काही न मागता.

रविवारी सकाळी मंजुळा लवकर उठली. "मी दिव्याला जाऊन येते. मारुती सर आले तर देऊन टाक," ती म्हणाली, यंत्राकडे न बघता.

"बरं," सरस्वती म्हणाली.

दार लागलं. गोपीनाथ खिडकीशी पेपर वाचत होता, पलीकडे खाडीला ओहोटी होती. सरस्वतीनं पत्र आणून टेलिफोनशेजारी ठेवलं, चष्मा लावला.

"कुणाला फोन?" गोपीनाथनं विचारलं.

"खडवलीला. मंजुळाच्या त्या चांगदेवला."

"अगं, पोरीला विचारलंस का? नंतर तुझ्यावरच उखडेल."

"उखडू दे. तीन आठवडे झाले, उखडलीच नाहीये."

गोपीनाथनं पेपर खाली केला. "आणि तो चिडला तर? तिनं काय काय लिहिलंय म्हणालीस ना?"

"चिडला तर ऐकून घेईन. त्याचा हक्क आहे." तिनं पत्राची घडी उलगडली. काय बोलायचं ते तिनं रात्री चार प्रकारे ठरवलं होतं, आणि चारही आता तिला लबाड वाटत होते. आधी अडचण सांगायची, मग ठमाबाईची अवस्था, मग हळूच विनंती. नाही. पहिलं वाक्य वेगळं हवं होतं. मी मंजुळाची आई. तुम्ही पत्रात सांगितलं होतं तेच खरं होतं, चूक आमच्याकडून झाली, आणि दोष तुम्हाला दिला. इतकं बोलून झाल्याशिवाय गाण्यांचं नाव काढायचं नाही. आणि तो येतो म्हणाला, तर घरातल्या सगळ्यांना घेऊन या म्हणायचं. इथं आता मोजायचं काही उरलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले होते. किराणा दुकान उघडलं असेल. ती उठली, कॉम्प्युटरवरच्या चादरीच्या खोचलेल्या कडा एकेक करून सोडवल्या, चादर काढून तिची घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. मग परत येऊन तिनं रिसीव्हर उचलला, पत्रावरच्या नंबराखाली बोट धरलं आणि पहिला आकडा फिरवला.